तिकीट ‘लाइव्ह’चं, वादक पेन ड्राइव्हमध्ये

रविवारचा पेपर आला की मी आधी नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडतो. सवय जुनी आहे. मागच्या रविवारी त्या पानावर जुन्या हिंदी गाण्यांच्या तीन कार्यक्रमांच्या जाहिराती होत्या आणि तिन्हींत ‘लाइव्ह’ हा शब्द गायकांच्या नावांपेक्षा मोठ्या टायपात होता. गायक-गायिकांचे फोटो, निवेदिकेचा फोटो, संकल्पना अमुक यांची, सौजन्य एका बिल्डरचं आणि एका मिठाईवाल्याचं. वादक कोण, याचा पत्ता नाही. एका जाहिरातीतला नंबर फिरवला आणि विचारलं, वादक किती आहेत? पलीकडचे गृहस्थ उत्साहात होते. म्हणाले, “सर, काळजीच करू नका, ट्रॅक एकदम ओरिजिनल आहेत.”

बिचाऱ्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. गायक लाइव्ह म्हणजे कार्यक्रम लाइव्ह, एवढा साधा हिशोब. माझं भांडण त्या गृहस्थांशी नाही, त्या हिशोबाशी आहे.

ट्रॅक म्हणजे गाण्यातून गायकाचा आवाज वजा करून उरलेलं सगळं संगीत. पूर्वी त्याला ‘मायनस वन’ म्हणायचे, आता सर्रास कराओके. लॅपटॉपला लावायचं आणि माइक हातात घ्यायचा. पुण्यात आज याचे डझनावारी ग्रुप आहेत. निवृत्त मंडळी दर पंधरा दिवसांनी जमतात, कोणी मुकेश गातं, कोणी गीता दत्त, मग बटाटेवडा आणि चहा. माझी सख्खी बहीण अशा एका ग्रुपमध्ये आहे आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती जी उठून उभी राहिली त्यात त्या ग्रुपचा वाटा डॉक्टरांइतकाच आहे. तेव्हा कराओकेवर तुटून पडायला मी बसलेलो नाही. हौसेनं गाणाऱ्यानं ट्रॅकवर गावं, घरात गावं, हॉल घेऊन गावं. प्रश्न तिकीट लावल्यावर सुरू होतो. पाचशे रुपये मोजून आत शिरणाऱ्या माणसाला रंगमंचावर कोण बसणार आहे हे आधी कळायला हवं. आणि महापालिकेच्या, म्हणजे आपल्या पैशांवर चालणाऱ्या नाट्यगृहांनी वादकांसह होणारा आणि ट्रॅकवर होणारा अशा दोन कार्यक्रमांत काही फरक करायचा की नाही, हेही एकदा ठरवायला हवं.

माझा या विषयाशी संबंध सांगून टाकतो, म्हणजे पक्षपात उघड राहील. नोकरी बँकेत केली आणि संध्याकाळी नऊ-दहा वर्षं ऑर्केस्ट्रात साइड रिदम वाजवला. साइड रिदमवाल्याला प्रेक्षक ओळखत नाहीत. ढोलकवाला ओळखतात, ड्रमरला तर पोरंही ओळखतात. साइड रिदमवाला कोपऱ्यात एक टेबल घेऊन उभा असतो आणि त्या टेबलावर संसार मांडलेला असतो : खंजिरी, मंजिरी, घुंगरांची पट्टी, मराकस, ट्रँगल, रेसोरेसो, लाकडी ठोकळा. माझ्या टेबलावर शिवाय दोन वस्तू असायच्या, एक काचेचा ग्लास आणि एक कंगवा.

ग्लास ‘चुरा लिया है’साठी. १९७३ सालच्या त्या गाण्याची सुरुवातच काचेवरच्या खणखणाटानं होते. चमचा कुठल्या ग्लासवर मारला की तो आवाज निघतो, हे शोधायला मी तुळशीबागेत अख्खी दुपार घालवली होती. दुकानदार वैतागून म्हणाला, “साहेब, ग्लास घ्यायचाय की वाजवायचाय?” शेवटी मिळाला. त्यात दोन बोटं पाणी घातलं की स्वर गिटारच्या जवळ यायचा. एसी जोरात असला तर पाणी थोडं कमी-जास्त करावं लागायचं, किंवा मला तसं वाटायचं. कंगवा ‘पडोसन’मधल्या ‘मेरे सामनेवाली खिड़की में’साठी. मूळ रेकॉर्डिंगमधली ती खरखर कंगव्याचीच. मी माइकजवळ कंगवा धरून नखानं ओढला की पहिल्या चार रांगा मान उंच करून बघायच्या, हा आवाज येतो कुठून. गायकानं तोंड उघडण्याआधीची ती टाळी माझी असायची. पाच सेकंदांची मिळकत, पण स्वतःची.

ट्रॅकमध्ये तो ग्लास आहे, कंगवाही आहे, माझ्यापेक्षा कैक पटींनी चोख आहे. पण त्याच्याकडे बघून कुणी मान उंच करत नाही.

हे स्मरणरंजन झालं, मान्य. त्याहून मुद्द्याची गोष्ट वेगळी आहे. ट्रॅक थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी कोथरूडमध्ये एका कार्यक्रमात एक बरे गाणारे गृहस्थ दुसऱ्या अंतऱ्याची एन्ट्री चुकले. अर्ध्या ओळीचा उशीर. ट्रॅक आपला पुढे निघून गेला आणि हे प्लॅटफॉर्मवर बॅग घेऊन धावणाऱ्या माणसासारखे त्याच्यामागे. पुढच्या ध्रुवपदापर्यंत त्यांना गाडी सापडली नाही. घाम पुसत उतरले आणि उरलेला कार्यक्रम विंगेत बसून राहिले. आमच्या वेळी अशी चूक रोज व्हायची. गायक आला नाही की कीबोर्डवाला डावा हात किंचित वर करायचा, आम्ही तोच पीस, म्हणजे ओळींमधला वाद्यांचा तुकडा, आणखी एक फेरी वाजवायचो, ढोलकवाला एक उठाण देऊन सम दाखवायचा आणि गायक अलगद आत यायचा. प्रेक्षकांना वाटायचं, वा, काय पीस लांबवलाय! वन्समोअर आला तर नेमका अंतरा पुन्हा घेता यायचा. गायिकेचा घसा बसला असेल तर आयत्या वेळी पट्टी अर्ध्या सुरानं उतरवायचो. माणसं माणसाला सांभाळून घ्यायची. संगीताच्या भाषेत याला ‘साथ’ म्हणतात आणि मराठीत या शब्दाचा दुसरा अर्थ काय आहे ते सांगायची गरज नाही.

साथीचं मोल पुण्याला कळत नाही असं कोणी म्हणू नये. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, हे इथला नाट्यवेडा आजही कौतुकानं सांगतो. १९५३ पासून चाललेल्या सवाई गंधर्व महोत्सवात निवेदक तबला-पेटीच्या साथीदारांची नावं तर घेतोच, तानपुऱ्यावर मागे बसलेल्या शिष्यांचीही घेतो. पाश्चात्त्य सिम्फनीच्या पुस्तिकेत शेवटच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचं नाव छापलेलं असतं. मग तोच पुणेकर फिल्मी गाण्यांच्या कार्यक्रमाला बसला की बारा वादकांना ‘म्युझिशियन्स’ या एका शब्दात गुंडाळलेलं त्याला का खुपत नाही? मला वाटतं, कारण हे संगीत ‘नकलेचं’ समजलं जातं. मूळ गाणं तिकडे मुंबईत झालं, हे फक्त उतरवून वाजवतात. उतरवणाऱ्याचं काय नाव घ्यायचं!

पण मूळ वाजवणाऱ्यांचं तरी नाव आपण कुठे घेतलं? मुंबईच्या स्टुडिओंत चाळीस-पन्नास वर्षं जी गाणी घडली, त्यांतले व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोनवाले बरेचसे गोव्याचे, काही पारशी, काही उत्तरेतले. संगीतकाराच्या चालीला स्वरलिपीत बांधून वाद्यांत वाटून देणारे सॅबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर लोकांना कितपत ठाऊक होते? अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, अरेंजर, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा केला होता. देशाला त्यांचं नाव कळलं ते १९७७ मध्ये, तेही ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडून, आणि तेव्हाही बहुतेकांना ते काल्पनिकच वाटलं. त्या गाण्याच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल या शिष्यानं गुरूला दिलेली ती दक्षिणा होती. आपल्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स, ज्यांचं ॲकॉर्डियन तुम्ही-आम्ही रेडिओवर शेकडो वेळा ऐकलं, ते लक्ष्मी रोडवरून चालत गेले असते तर किती जणांनी वळून बघितलं असतं?

नाव छापणं ही नुसती शिष्टाचाराची बाब नाही. त्यात कायदा आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. सादर करणाऱ्या कलावंताला, त्यात वादक आला, ‘हे सादरीकरण माझं आहे’ असं ओळखलं जाण्याचा हक्क मिळाला. आणि त्याच दुरुस्तीत एक परंतुकही आलं : चित्रपटात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला सादरकर्ता धरायचं नाही. त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तक्रार करण्यापुरता काय तो अपवाद. हे परंतुक सिनेमापुरतं आहे, रंगमंचाला लागू नाही. तरी त्यामागचा विचार बघा. तुमचं नाव छापायचा रिवाज नाही, म्हणून तुम्ही गणतीत नाही. रिवाज कोणी पाडला, हे कोणी विचारत नाही.

आता पलीकडची बाजू. यंत्रानं वादकाचं काम खाल्लं, ही रड काही आजची नाही, आणि दर वेळी रडणारे बरोबर होते असंही नाही. मूकपटांच्या काळात पडद्याखाली पेटी-तबलेवाला बसायचा. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि त्याची खुर्ची गेली. पण दोनच वर्षांनी प्रभात कोल्हापुराहून पुण्यात आली आणि बोलपटानं वादकांना स्टुडिओची नोकरी दिली. खालची गेली, आतली आली. १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टोपॅड निघाला, मागोमाग तो आमच्याकडेही पोचला. एक माणूस आठ रबरी चौकोनांवर काठ्या मारून काँगो, बोंगो, टिंबाली सगळं काढायला लागला. माझ्या टेबलावरचा निम्मा संसार त्या पेटीत गेला. मी चिडलो होतो. पण ऑक्टोपॅडमागे माणूस होता, त्याला गायकाकडे बघावं लागायचं, त्याला नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, मिळायची. एकाचं काम गेलं ते दुसऱ्या वादकाकडे गेलं. ट्रॅकमध्ये ते कुणाकडेच जात नाही. ‘काळ बदलतो, चालायचंच’ म्हणणाऱ्यांनी या फरकाचं उत्तर द्यावं.

आयोजकाचं गणितही खोटं नाही. दहा-बारा वादक म्हटले की प्रत्येकाची नाइट, दोन तालमींचा हॉल, चहा-नाश्ता, वाद्यांचा टेम्पो, जास्तीचे माइक, बॅलन्सिंगला दोन तास. वर नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, गाण्यांचं लायसन्स. ट्रॅकला एक लॅपटॉप आणि तो चालवणारा एक माणूस पुरतो. तिकीट मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढंच. म्हणजे वादक आणणारा आयोजक सरळसरळ तोट्यात जातो आणि तरी जाहिरातीत दोघांवर शिक्का एकच, ‘लाइव्ह’. असली तुपाच्या शेजारी डालडा त्याच डब्यात, त्याच लेबलानं ठेवला तर असली तूपवाला किती दिवस टिकेल? डालडा वाईट आहे असं मी म्हणत नाही. लेबल वेगळं लावा म्हणतो.

अमेरिकेतल्या वादकांनी हे दुखणं फार आधी ओळखलं. १ ऑगस्ट १९४२ ला त्यांच्या संघटनेनं, जेम्स पेट्रिलो तिचे अध्यक्ष, रेकॉर्डिंगवरच बहिष्कार टाकला. ऐन महायुद्धात. रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवर आमचीच तबकडी वाजते आणि आमचीच नोकरी जाते, हा त्यांचा सवाल होता. दोन वर्षांहून जास्त काळ ते अडून बसले. अखेर नोव्हेंबर १९४४ मध्ये आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया या मोठ्या कंपन्याही वाकल्या आणि प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागे ठरावीक रक्कम एका निधीत जमा होऊ लागली. त्या निधीतून वादकांना पैसे देऊन लोकांसाठी फुकट कार्यक्रम व्हायचे. पेट्रिलो हा गोड माणूस नव्हता, वर्तमानपत्रांनी त्याला हुकूमशहा ठरवलं होतं. पण रेकॉर्ड कायमची बंद करा ही त्याची अखेरची मागणी नव्हती. रेकॉर्डनं जे खाल्लं त्यातलं थोडं परत द्या म्हणाला.

आपल्याकडे असा बहिष्कार कोण घालणार? पुण्याचे वादक संध्याकाळचे वादक. आमच्या ग्रुपमध्ये ट्रम्पेटवाला कॅम्पातला, त्याचे वडील लष्करी बँडमध्ये होते. ढोलकीवाला तमाशाच्या घरातला, नारायणगावकडचा. व्हायोलिनवाले काका सदाशिव पेठेतले, घरी शास्त्रीय, इथे शंकर-जयकिशन. बेस गिटारवाला टेल्कोत फर्स्ट शिफ्ट करून झोपेविना यायचा. ट्रम्पेटवाल्याला देवनागरी धड वाचता येत नव्हती, ढोलकीवाल्याला स्टाफ नोटेशन म्हणजे मुंग्यांची रांग वाटायची. आणि दोघं मिळून असा एक पीस उचलायचे की काका धनुकली थांबवून ऐकत राहायचे. या गावात कॅम्प आणि पेठ एका सतरंजीवर बसण्याच्या जागा मोजक्याच. ऑर्केस्ट्राची तालीम ही त्यांतली एक होती. एका डब्यात जेवायचो. ढोलकीवाल्याच्या मुलीच्या लग्नात ट्रम्पेटवाल्यानं मंगलाष्टकांआधी वाजवलं, भटजींनी तोंड वाकडं केलं आणि नंतर तेच ‘अजून एक होऊ द्या’ म्हणाले.

लॅपटॉपची तालीम नसते. म्हणून ही माणसं आता भेटतही नाहीत.

यात पालिकेचा संबंध कुठे, असं विचाराल. आहे. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि १९६८ मध्ये ते सुरू झालं. तेव्हापासून पालिकेनं नाट्यगृहं बांधली आणि चालवली ती नफ्यासाठी नव्हे. रंगमंचावर माणसांनी काही करावं म्हणून ती आहेत. बालगंधर्व पाडून नवं बांधायचं की आहे तेच नीट करायचं, यावर या गावानं किती रक्त आटवलं! खुर्च्या किती, पार्किंग किती, यावर बोललो. त्या रंगमंचावर कोण वाजवणार, यावर कोणी बोललं नाही. माझं म्हणणं असं, की तारखांसाठी अर्ज करतानाच आयोजकानं लिहून द्यावं, कार्यक्रम वादकांसह आहे की ट्रॅकवर. वादकांसह असेल तर भाड्यात सवलत मिळावी आणि शनिवार-रविवारच्या तारखांत आधी विचार व्हावा. ट्रॅकवर असेल तर नेहमीचं भाडं, बंदी नको, दंड नको. जाहिरातीत आणि तिकिटावर ‘ट्रॅकवर’ एवढा शब्द यावा. ‘लाइव्ह’ छापायचं असेल तर वादकांची नावं छापावीत. वादकांसह म्हणून सवलत घेतली आणि दोन माणसं मागे नुसती कीबोर्डवर बोटं फिरवत बसवली तर? होईल, पुण्यात युक्तीला तोटा नाही. तशीही मी बघितली आहेत. पण नाव छापलं की ज्याचं नाव आहे त्यालाच लाज वाटते, हा माझा अनुभव.

गणेशोत्सवाबद्दलही लिहिणार होतो, तिथे रात्री दहाच्या नियमानं आणि नंतर स्पीकरच्या भिंतींनी ऑर्केस्ट्राचं काय केलं ते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तिथे दोष एकट्या नियमाचा नाही.

आमचा कीबोर्डवाला मित्र, तो डावा हात वर करणारा, आता घरी ट्रॅक बनवतो. उत्तम बनवतो. बाजारातल्या ट्रॅकमध्ये गायब झालेले छोटे पीस तो कानानं ऐकून एकेक भरतो, गायकाच्या पट्टीत करून देतो. त्याला यावरून छेडलं की हसतो. “माझ्याच ट्रॅकनं माझी नाइट खाल्ली,” म्हणतो, “पण लाइट बिल भरतोय ना तोच?” त्याला मी काय उपदेश करणार! फक्त एवढं विचारलं, तुझ्या ट्रॅकवर गाणाऱ्यांनी कधी तुझं नाव घेतलं का? म्हणाला, एका बाईंनी घेतलं होतं, बहुतेक चुकून.

गेल्या महिन्यात त्याच्याच ओळखीच्या एका आयोजकानं हट्टानं पुरा ताफा लावून कार्यक्रम ठरवला, म्हणून आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. जाहिरातीत वादकांची नावं टाका म्हटलं. ते म्हणाले, जागा नाही. मी खिशातून आधीच्या कार्यक्रमाचं कात्रण काढलं आणि मिठाईवाल्याच्या लोगोवर पट्टी ठेवून दाखवलं, एवढ्या जागेत बारा नावं बसतात, बारीक टायपात. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, व्हॉट्सॲप करा. केली. रविवारी पेपर उघडला तर बारापैकी नऊ छापली होती आणि मित्राचं आडनाव चुकलं होतं. त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “असू दे, कात्रण ठेव. पुढच्या वेळी त्यांना चूक दाखवायला लागेल.”